खिशातला फोन आणि बाटलीतल्या गोळ्या

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे आधी सुनेला डॉक्टरकडे नेतात. मुलाची पाळी बऱ्याच उशिरा येते. अहवालात शुक्राणू कमी दिसले, की तो विचारतो, ‘फोन खिशात असतो, त्यामुळे तर नाही ना?’ आणि लगेच, ‘यावर गोळी कुठली?’ पहिल्या शंकेला थोडा आधार आहे. दुसऱ्या अपेक्षेला फारच कमी.

शुक्राणू मुळातच नाजूक. डोक्यात डीएनए, मागे शेपूट आणि मधल्या भागात ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचं वेटोळं. ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनचे आक्रमक रेणूही तयार होतात. इतर पेशींकडे त्यांना आवरणारी विकरं भरपूर असतात. शुक्राणूनं मात्र घडतानाच आपला बहुतेक पेशीद्रव टाकून दिलेला असतो. त्यात त्याचं आवरण असंपृक्त मेदाम्लांचं. दाण्याचं कूट हवा लागून खवट होतं, तसं तेही ऑक्सिजनमुळे चटकन बिघडतं.

मोबाइलच्या लहरींत क्ष-किरणांसारखी रेणूंचे बंध तोडण्याची ताकद नसते. तरीही 2009 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशोक अगरवाल आणि सहकाऱ्यांनी वीर्याचे 32 नमुने घेऊन प्रत्येकाचे दोन भाग केले आणि एका भागापासून अडीच सेंटीमीटरवर चालू फोन तासभर ठेवला. त्या भागात आक्रमक रेणू वाढले, शुक्राणूंची हालचाल मंदावली. डीएनएला मात्र ठळक इजा दिसली नाही. अर्थात, हे सगळं शरीराबाहेर घडलं. शरीरात मध्ये त्वचा असते, ऊती असतात, उष्णता वाहून नेणारं रक्त असतं.

माणसांवरचा मोठा अभ्यास जिनिव्हा विद्यापीठाचा, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला. 18 ते 22 वर्षांच्या 2,886 स्विस तरुणांपैकी जे दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरत, त्यांच्या शुक्राणूंचं प्रमाण आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांपेक्षा 21 टक्के कमी होतं. पण फोन पँटच्या खिशात ठेवण्याशी त्याचा संबंध आढळला नाही. शिवाय फोनच्या वापराशी दिसलेला संबंध 2005-07 मध्ये तपासलेल्या तरुणांत सर्वांत ठळक होता आणि जुनं टूजी तंत्रज्ञान मागे पडत गेलं तसा फिका झाला. नव्या फोनची प्रक्षेपणशक्ती कमी असते. अशा निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही. माझ्या मते सावध राहावं, धास्ती घेऊ नये.

आक्रमक रेणूंना आवरण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा निकाल अधिक स्पष्ट आहे. 2020 साली अमेरिकेत 2,370 पुरुषांच्या चाचणीत निम्म्यांना सहा महिने झिंक आणि फॉलिक आम्ल दिलं, निम्म्यांना नुसती बिनऔषधाची गोळी. मूल झाल्याचं प्रमाण 34 आणि 35 टक्के, म्हणजे सारखंच. उलट औषध घेणाऱ्यांच्या शुक्राणूंमध्ये डीएनएची मोडतोड थोडी जास्त आढळली. त्याच वर्षीच्या आणखी एका अमेरिकन चाचणीत क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, कार्निटिन वगैरे एकत्र देऊनही वीर्याची प्रत सुधारली नाही. फलनाच्या तयारीसाठी शुक्राणूला थोडे आक्रमक रेणू लागतातच, त्यामुळे ते सरसकट दाबून टाकण्यात शहाणपण नाही. म्हणून ‘शक्तिवर्धक’ डब्यावर महिन्याला हजारो रुपये घालवणारी जोडपी पाहिली की जीव तुटतो.

उष्णतेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर बसलं तर तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढतं, हे 2005 सालीच मोजलं गेलं आहे. लॅपटॉप टेबलावर ठेवा. तंबाखू, सिगारेट सोडा. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तेवढा धीर धरा.

मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं आणि वृषणाच्या शिरा फुगण्यासारख्या काही कारणांवर उपचारही आहेत. वीर्यतपासणी साधी आणि बिनदुखाची आहे. म्हणून मुलांच्या आईवडिलांना विनंती: सुनेला सुया टोचायला नेण्याआधी मुलाची ही एक तपासणी करून घ्या.