ट्यूब गेली? डोळे उघडे ठेवून बदला!

‘ट्यूब गेलीय!’ असं कुणी म्हटलं की लोक आधी छताकडे बघतात. हायफायवेड्या मंडळींची नजर मात्र थेट प्रीअॅम्पकडे जाते. काचेच्या त्या लालसर, टुमदार व्हॉल्व्हकडे. आजोबांच्या रेडिओत असायचे ना, त्यांचेच हे भाऊबंद.

माझ्या प्रीअॅम्पच्या डाव्या चॅनलमधून गेल्या महिन्यापासून सरसर यायला लागली. तानपुरा सुरू झाला की जास्तच. एका विक्रेत्याने नव्या जोडीचा जो भाव सांगितला, तो जवळपास माझ्या फ्लॅटच्या भाड्याएवढा! वर, ‘जुनी टेलिफुंकेन आहे मॅडम, डोळे मिटून घ्या.’ अशा वेळी डोळे उघडेच ठेवलेले बरे.

आधी चोर पकडा
दोन्ही चॅनलना एकाच नंबरचा एकेक व्हॉल्व्ह असेल तर त्यांची अदलाबदल करा. सरसर दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष व्हॉल्व्हचा. तिथेच राहिली तर केबल किंवा आतलं सर्किट तपासून घ्या. माझी सरसर उजवीकडे गेली, म्हणजे खर्च अटळ! पण हे करण्याआधी प्लग काढा, काच गार होऊ द्या आणि आतल्या भागांत बोटं घालू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जोरदार व्होल्टेज शिल्लक असू शकतं. व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा चंदेरी थर पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, खेळ खल्लास.

नंबर म्हणजे नंबर
१२एएक्स७ आणि ईसीसी८३ ही एकाच व्हॉल्व्हची अमेरिकन आणि युरोपियन नावं. त्याचा अॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १००. १२एटी७चा ६०, तर १२एयू७चा साधारण २०. ईसीसी८८लाही ९ पिनाच असतात, सॉकेटमध्ये आरामात बसतो, पण त्याच्या हीटरची जोडणी वेगळी. बसला म्हणजे चालला, असं नाही हं! मॅन्युअलमध्ये आहे तोच नंबर घ्या.

जुनं की नवं?
इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधले मुलार्ड, जर्मनीचे टेलिफुंकेन यांची क्रेझ आजही कायम आहे. आपल्या बंगळुरूच्या ‘बीईएल’नेही एके काळी व्हॉल्व्ह बनवले. पण काचेवरचं नाव पुसून दुसरं छापणं सोपं असतं. टेलिफुंकेनच्या स्वतःच्या कारखान्यातल्या व्हॉल्व्हच्या तळाशी, पिनांच्या मध्ये, काचेतच उमटवलेली हिऱ्याची खूण असते. मी ती खूण दाखवा म्हटलं, आणि समोरच्याने विषयच बदलला.

शेवटी मी स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीची नवी, टेस्ट केलेली जोडी घेतली. भाव जुन्याच्या पासंगालाही पुरणार नाही. सरसर गेली आणि उरलेल्या पैशांत रेकॉर्ड्स आल्या. आवाज तोच आहे का? थोडा अधिक स्वच्छ, किंचित कमी मधाळ. चालतंय की!

दुकानात काय विचाराल?
* नॉइज कमी आहे का?
* व्हॉल्व्हमधले दोन्ही भाग सारखे मोजलेत का?
* पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली तर स्पीकरमधून घंटा वाजते का?
* बिघडला तर परत घेणार का?

आणि हो, एक जादा व्हॉल्व्ह कपाटात असू द्या. २०२२मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभर व्हॉल्व्हचे भाव भडकले होते. पुढची बंदी काही सांगून येणार नाही!