विहिरीत साखरेचा एक दाणा

थायरॉइडचा रिपोर्ट हातात आला की आपण आकडा वाचतो आणि घडी घालून ठेवून देतो. आज जरा आकड्याशेजारचं एकक वाचा. फ्री टी-थ्री, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं थायरॉइडचं हार्मोन: 3 पिकोग्रॅम, दर मिलिलिटरला. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करायचे आणि त्यातला एक उचलायचा!

चला विहिरीवर. दहा मीटर रुंद, दहा मीटर खोल, काठोकाठ भरलेली. पाणी जवळजवळ आठ लाख लिटर. रक्तात आहे त्याच प्रमाणात हे हार्मोन तिच्यात कालवायचं, तर किती लागेल? जेमतेम अडीच मिलिग्रॅम. साखरेचा एक दाणा! अख्ख्या विहिरीला एक दाणा, आणि तेवढ्यावर हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, आतड्यांची चाल ठरते.

बरं, आता रक्ताचा एकच थेंब घ्या. त्यात या मोकळ्या टी-थ्रीचे रेणू किती? सुमारे 14 कोटी. 2011च्या जनगणनेत सगळा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता!

खरी कमाल पुढेच आहे. थायरॉइडला हुकूम सोडते मटारएवढी पिट्युटरी, आणि पिट्युटरीला हुकूम येतो मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून. त्या हुकमाचं नाव टीआरएच. तो हाती लागावा म्हणून अमेरिकेत रॉजर गियमँ यांच्या प्रयोगशाळेने मेंढ्यांचे मेंदू गोळा केले. शंभर नव्हे, हजार नव्हे, 50 लाख मेंढ्यांचे! मेंढीमागे एक मीटर धरून ही रांग लावा: 5,000 किलोमीटर. रेल्वेने मुंबई-पुणे 192 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तेरा खेपा. मेंदूंचं वजन 500 टन, मालगाडीच्या आठ वाघिणी भरून वर उरेल इतकं. आणि त्यातून शुद्ध टीआरएच निघालं एक मिलिग्रॅम. 50,000 कोटी रुपयांच्या ढिगातून नेमका एक रुपया शोधून काढला त्यांनी! डुकरांच्या मेंदूंवर तेच काम करणारे अँड्र्यू शॅली आणि गियमँ, दोघांनाही 1977 साली नोबेल मिळालं.

आता आपला जन्मभराचा हिशेब. थायरॉइडचं हार्मोन बनायला आयोडीन लागतं, रोज 150 मायक्रोग्रॅम. पंचाहत्तर वर्षांचं सगळं मिळून चार ग्रॅम, चहाचा एक चमचाही भरत नाही! पण ते एकदम खाऊन चालत नाही, नेमाने पोटात जावं लागतं. गरोदरपणात ते फार कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून मिठाची पुडी घेताना तिच्यावरचं हसऱ्या सूर्याचं, म्हणजे आयोडीनयुक्त मिठाचं चिन्ह बघा, आणि आयोडीन उडून जाऊ नये म्हणून घरी बरणीचं झाकण घट्ट लावा.