जमीन तुमची, मग सरकार ती कशी घेऊ शकतं? हॉब्ज, लॉक आणि रूसो काय सांगतात?

रस्त्यासाठी, धरणासाठी किंवा विमानतळासाठी जमीन जाणार म्हटलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो. सातबारा आमच्या नावावर आहे, मग सरकार जमीन घेणारं कोण? यामागे साडेतीनशे वर्षांहून जुना वाद आहे : आधी मालमत्ता आली की आधी सरकार?

सामाजिक करार म्हणजे काय?

सरकार, कायदा, कोर्ट यातलं काहीच नसतं, तर माणसं कशी राहिली असती? 17व्या आणि 18व्या शतकात युरोपातल्या काही विचारवंतांनी इथून सुरुवात केली. त्यांच्या मते, लोकांनी परस्परांच्या संमतीने काही अधिकार सोडले आणि त्यातून राज्यसत्ता उभी राहिली. हाच सामाजिक करार. मात्र मालमत्तेच्या प्रश्नावर या विचारवंतांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना होती.

हॉब्ज : सरकार नाही, तर मालकीही नाही

इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात थॉमस हॉब्जने 'लेव्हायथन' लिहिलं. ते 1651 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या मते, सरकार नसेल तिथे 'माझं-तुझं' असं काही नसतंच. जोर आहे तोवर वस्तू हातात. मालकी राज्यसत्तेमुळेच जन्माला येते. त्यामुळे तुम्ही शेजाऱ्याला तुमच्या शेतात येण्यापासून अडवू शकता, राज्यसत्तेला नाही.

लॉक : मालकी आधी, सरकार नंतर

1689 च्या सुमारास जॉन लॉकने नेमकं उलटं मांडलं. आपलं शरीर आपलं, म्हणून आपले श्रमही आपले. पडीक जमीन जो कसतो, ती त्याची होते. त्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. उलट, ही मालमत्ता राखण्यासाठीच लोक सरकार नेमतात. म्हणून लोकांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय सरकारने करही घेऊ नये.

पण लॉकची एक अट होती. इतरांसाठीही पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. शिवाय त्याच्या विचाराला एक काळी बाजूही आहे. जमीन कसणाऱ्याची, या तर्काचा आधार घेऊन अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या जमिनी 'रिकाम्या' ठरवल्या गेल्या.

रूसो : कुंपण कुणी घातलं?

जाँ-जाक रूसोने 1755 मध्ये विषमतेवरच्या निबंधात खासगी मालकीकडेच बोट दाखवलं. जमिनीला पहिलं कुंपण घातलं गेलं आणि इतरांनी ते मान्य केलं, तिथून विषमता वाढली, असं तो म्हणतो. पुढे 1762 च्या 'सामाजिक करार' या ग्रंथात त्याने मालकी नाकारली नाही, पण व्यक्तीच्या हक्कापेक्षा समाजाचा हक्क वरचा मानला.

भारतात काय स्थिती आहे?

राज्यघटनेत सुरुवातीला मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला. आता कलम 300-अ नुसार तो घटनात्मक हक्क आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही.

हाच वाद मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या निमित्ताने सुप्रीम कोर्टात पोहोचला. अशा इमारती भाडेकरूंच्या सहकारी संस्थांसाठी ताब्यात घेण्याची तरतूद म्हाडा कायद्यात 1986 मध्ये आली. मालकांनी तिला आव्हान दिलं. एका बाजूला मालकाचा हक्क, दुसऱ्या बाजूला मोडकळीला आलेल्या घरात राहणारी कुटुंबं.

5 नोव्हेंबर 2024 रोजी 9 न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. पण काही ठरू शकतात. साधन कोणतं आहे, ते दुर्मीळ आहे का, मोजक्या हातांत एकवटलंय का आणि समाजावर त्याचा काय परिणाम होतो, हे पाहावं लागेल.

म्हणजे सरकारचा हात सगळीकडे पोहोचत नाही आणि मालकाचं कुंपणही अभेद्य नाही. सरकारला कारण द्यावं लागतं, आणि ते पटण्यासारखं आहे का हे विचारण्याचा हक्क लोकांकडे राहतो. करार म्हणतात तो यालाच.