दुसरें मत

घरांतील माणसास गंभीर आजार आहे असें कळलें, म्हणजे दुसऱ्या कोणा जाणत्यास विचारावें असें सर्वांस वाटूं लागतें. यांत पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाहीं. आमच्या चिचगडाहून मुंबई सुमारें एक हजार किलोमीटर दूर. परंतु आतां मुंबईचेंच काय, परदेशांतील तज्ज्ञाचेंही मत घरबसल्या मागवितां येतें. तें कसें मागवावें, हें पालकांनीं समजून घेणें अवश्य आहे.

आमच्या परिचयाच्या एका बाईंच्या मानेंत गांठ आली. अमेरिकेंतील भाच्याच्या ओळखीनें तेथील एका डॉक्टरांस कागदांचीं छायाचित्रें मोबाइलवरून पाठविलीं. उत्तर लौकर आलें. पण त्यांत मत नव्हतें, प्रश्न होते. गांठीचा तुकडा तपासला काय? त्याच्या कांचपट्ट्या कोठें आहेत? औषधें कोणतीं चालू आहेत? घरचीं माणसें निराश झालीं. आम्हांस मात्र तो डॉक्टर प्रामाणिक वाटला. जें पाहिलें नाहीं, त्याविषयीं तो बोलला नाहीं.

दूरच्या डॉक्टरास नाडी पाहतां येत नाहीं, गांठ चांचपतां येत नाहीं. जें आपण पाठवूं तेवढेंच त्यास दिसतें. म्हणून आजाराची तारीखवार हकीकत, औषधांचीं नांवें व मात्रा आणि रक्ताचे अहवाल पाठवावे. सी.टी. किंवा एम.आर.आय. काढला असल्यास फिल्मचें छायाचित्र पुरत नाहीं, सी.डी.वरील मूळ चित्रें द्यावीं. कर्करोगाची शंका असल्यास कांचपट्ट्या व मेणांत बसविलेला तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, रुग्णालयांतून मागून घ्यावा. प्रश्नही नेमके असावे: निदान बरोबर आहे काय? शस्त्रक्रिया आधीं कीं औषध? थांबल्यास धोका कोणता?

आणखी एक गोष्ट. २५ मार्च २०२० रोजीं भारत सरकारनें दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम प्रसिद्ध केले. ते येथील नोंदणीकृत डॉक्टरांकरितां आहेत. देशाबाहेरील सल्ला त्यांच्या कक्षेंत येत नाहीं. म्हणून परदेशांतून आलेलें मत आपल्या डॉक्टरांपुढें ठेवावें. औषध त्यांनींच लिहून द्यावें. दोन मतें भिन्न असल्यास कारण विचारावें. आपणांस आवडलें तेंच खरें मानूं नये.

शिवाय दर वेळीं परदेशच गांठावा असें नाहीं. १९४१ सालीं सुरू झालेलें मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय ‘नव्या’ या संस्थेच्या द्वारें कर्करोगावर दूरस्थ मत देतें, आणि सामान्य आजारांकरितां सरकारची ‘ई-संजीवनी’ विनामूल्य आहे. उपर्युक्त बाईंच्या कांचपट्ट्याही शेवटीं मुंबईसच गेल्या. निदान तेंच निघालें. पण मनांतील किंतु गेला व उपचार निर्धारानें सुरू झाले.

मात्र छातींत कळ आली, अथवा तोंड वांकडें होऊन हातपाय लुळे पडले, तर दुसऱ्या मताची वाट न पाहतां जवळचें रुग्णालय गांठावें.

विद्यार्थी मित्रहो, घरांतील आजाऱ्याचे कागद तारीखवार लावून एका फाइलींत ठेवणें हें काम तुमच्या हातचें आहे. तें आजच करा. संकटाच्या दिवशीं कागद शोधण्यास वेळ मिळत नाहीं.