घराची हवा कोणत्या खात्याची?

देशातील हवेच्या गुणवत्तेची सध्याची मानके २००९ साली निश्चित झाली. त्यांत सूक्ष्म धूलिकणांपासून शिसे आणि बेन्झिनपर्यंत बारा प्रदूषकांचा समावेश आहे. ही सारी मानके घराबाहेरच्या हवेसाठी आहेत आणि बारांपैकी एकही घटक सजीव नाही. शहरी माणूस दिवसाचे बहुतेक तास चार भिंतींच्या आत काढतो. तिथल्या हवेतील जीवाणू आणि बुरशीचे बीजाणू यांच्यासाठी मात्र अशी मानके नाहीत. कोलकात्यात ही उणीव विशेष खटकते. कारण घर, वस्ती आणि रोगजंतू यांच्या संबंधाचा विचार या शहरात फार आधी सुरू झाला होता.

रॉबर्ट कॉख डिसेंबर १८८३ मध्ये कोलकात्यात आले. पटकीने दगावलेल्यांच्या आतड्यांत त्यांना दिसलेला स्वल्पविरामाच्या आकाराचा जीवाणू पुढे एका वस्तीतील तळ्याच्या पाण्यातही सापडला. पिणे, आंघोळ, धुणे सारे त्याच तळ्यावर चालत असे. रोग वस्तीच्या रचनेत दडलेला असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा होता? पाण्याकडे त्यानंतर लक्ष गेले, अपुरे का होईना. हवेकडे लक्ष वेधले ते प्लेगने. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोलकात्यात १९११ च्या कायद्याने तशीच संस्था आली. दाट वस्त्या चिरून रुंद रस्ते काढण्यात आले. आजचा चित्तरंजन अॅव्हेन्यू हे त्या कामाचेच फळ.

प्लेगपुरते हे तर्कशास्त्र चुकीचे होते. तो रोग कोंदट हवेने नव्हे, उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. शिवाय पाडलेल्या घरांतील गरीब शेजारच्या गल्लीत अधिकच दाटीने राहू लागत. सरसकट पाडापाडीला विरोध करणारे पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ मध्ये कोलकाता महापालिकेला बडाबाजारविषयी अहवाल दिला. त्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. परंतु प्लेगसाठी चुकलेला हवा-उजेडाचा आग्रह क्षयरोगाच्या बाबतीत अचूक ठरतो. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या इमारतींत, खिडक्या उघड्या ठेवल्या असता, नव्या इमारतींपेक्षा हवा कितीतरी अधिक वेळा बदलत होती. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांचे अंगण, उंच दारे आणि झडपांच्या खिडक्या या केवळ वारसाप्रेमींच्या कौतुकाच्या वस्तू नाहीत, हे त्यावरून लक्षात यावे.

याची उलट बाजू मुंबईत दिसली. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींच्या २०१८ मधील पाहणीत इमारतींची दाटी, खालच्या मजल्यांवरचा अंधार आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला. झोपडीतून ‘पक्क्या’ घरात गेलेल्या कुटुंबांच्या वाट्याला सरकारी आराखड्यानेच कोंदटपणा दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

कोलकात्यात या प्रश्नाला ओलीची जोड आहे. गंगेच्या त्रिभुजप्रदेशातील सखल भूमी, प्रदीर्घ पावसाळा, विटांच्या जाड भिंती आणि गळके नळ यांमुळे जमिनीतील व छतावरील पाणी भिंतीत मुरते आणि बुरशीला वर्षभर आसरा मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत घरातील ओल व बुरशीचा संबंध दमा आणि श्वसनविकारांशी जोडला. धोरणाच्या दृष्टीने तिचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे: घरात किती जंतू चालतील याची संख्यात्मक मर्यादा ठरवता येत नाही, म्हणून ओलच रोखावी. म्हणजे निरीक्षकाला प्रयोगशाळा लागत नाही. डोळे आणि नाक पुरेसे आहेत.

मग हे होत का नाही? जुन्या वाड्यांत भाडे नाममात्र असते. त्या भाड्यात मालक दुरुस्ती करीत नाही आणि हक्क जाईल या भीतीने भाडेकरू जागा सोडत नाही. मुंबईच्या पागडीच्या चाळींत राहिलेल्यांना हा पेच समजावून सांगायला नको. महापालिका ‘बिपज्जनक बाडी’ अशी पाटी लावते, पण ती इमारत कोसळण्याच्या भीतीपोटी. भिंतीतील ओलीसाठी नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेत वायुवीजनाच्या तरतुदी आहेत, पण स्थानिक संस्थांनी आपल्या नियमांत आणल्याखेरीज त्या बंधनकारक होत नाहीत. नव्या सदनिकांचे दुखणे निराळे: तिथला वातानुकूलक सहसा तीच हवा थंड करून पुन्हा खोलीत फिरवतो, म्हणून खिडकी बंद राहते आणि खोली गारव्यासह कोंदट होते.

क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी मासिक मदत केंद्राने नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून एक हजार रुपये केली, हे योग्यच झाले. पण त्याच्या खोलीला खिडकी आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही कोणावर तरी सोपवायला हवी. त्यासाठी नवे खाते उभारण्याची गरज नाही. डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधण्यासाठी कोलकाता महापालिकेचे कर्मचारी घरोघरी जातात, छतावरच्या टाक्याही तपासतात. त्यांच्या तक्त्यात ओल आणि खिडकी हे दोन रकाने वाढवता येतील. अवघड आहे ते त्यापुढचे काम: ओल आढळल्यावर दुरुस्तीचा खर्च मालक, भाडेकरू आणि महापालिका यांच्यात कसा वाटायचा, हे भाडे नियंत्रणाच्या कायद्यातच लिहावे लागेल. तोपर्यंत दम्याच्या औषधाचा खर्च भाडेकरू करीत राहील, आणि तो भाड्याहून अधिक असण्याचीच शक्यता आहे.