संगीताचे प्रयोजन आणि समाजपरिवर्तन : जलसा व शाहिरी

संगीताचे प्रयोजन कोणते, या प्रश्नाला ‘आनंद’ असे उत्तर सहज दिले जाते. ते चूक नाही. मात्र अपुरे आहे. जात्यावरची ओवी श्रम हलके करते, दिंडीतील अभंग शेकडो पावलांना एका तालात बांधतो. मग गाणे समाजही बदलू शकते काय? महाराष्ट्रातील जलसा व शाहिरी यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. परंतु ज्यांच्यासाठी हा विचार होता, त्या बहुजनांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे सत्यशोधक जलसाकारांनी गण, गवळण, वग हा तमाशाचा परिचित साचा स्वीकारला आणि त्यातील आशय बदलला. पुरोहितशाही, सावकारी, शिक्षणाचे महत्त्व हे विषय ढोलकीच्या साथीने गावोगावी पोहोचले. पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी अस्पृश्यतेविरुद्धचा विचार याच मार्गाने वस्त्यावस्त्यांत नेला. करमणुकीसाठी आलेला श्रोता प्रश्न घेऊन घरी परतू लागला.

येथे संगीताचे सामर्थ्य तीन गोष्टींत दिसते. पहिली, चाल आणि यमक यांमुळे विचार स्मरणात राहतो. त्यासाठी वाचता येण्याची गरज नसते. दुसरी, अपमानाचे दुःख एकट्याचे नसून अनेकांचे आहे, याची जाणीव गाण्यातून होते. तिसरी, साथीदारांनी धरलेल्या झिलीत श्रोतेही सूर मिसळतात. भाषण ऐकले जाते. गाणे ऐकणारा गाणाराही होतो.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ सुरू केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि बेळगाव, कारवार, निपाणी या भागांपासून झालेली ताटातूट तिने एका सूत्रात ओवली. सीमेचा राजकीय प्रश्न मुंबईतील कामगाराला स्वतःच्या घरचा वाटला.

तथापि, गाण्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य निर्माण झाले, ते मोर्चे, हौतात्म्य व संघटित राजकीय लढा यांच्या बळावर. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र राज्याबाहेरच राहिले. गाणे कायदा करीत नाही. ते माणसाला आपल्या दुःखासाठी शब्द देते आणि त्या शब्दांभोवती माणसे एकत्र आणते. परिवर्तनाची मशागत ते करते. पीक मात्र संघटित कृतीनेच हाती येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आपल्या परिसरातील एखाद्या चळवळीत गायले गेलेले गीत निवडा. त्याची चाल कोणत्या परिचित गानप्रकारातून आली आहे आणि आशय कसा बदलला आहे, हे दहा ओळींत स्पष्ट करा.