घरची शाळा आणि पडद्यावरचे गुरुजी

आपल्या मंडळाच्या स्नेहमेळाव्यात मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, नातीला शाळेत न घालता घरी शिकवता, मग उद्या तिचे काय?" विचारणाऱ्याच्या स्वरात काळजी असते, क्वचित मिस्किलपणाही. प्रश्न रास्त आहे, आणि स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर देण्याचे योजिले आहे.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा नात आठ वर्षांची होती. पुढे शाळा उघडल्या. परंतु मुलाने व सुनेने तिला घरीच शिकविण्याचे ठरविले. कोप्पीकर रोडवर आमचा दवाखाना खाली आणि बिऱ्हाड वर, त्यामुळे या प्रयोगाचा मी साक्षीदार आहे व काही अंशी शिक्षकही. मराठी व इतिहास सूनबाईंकडे, हिशेब मुलाकडे. कन्नड ती दुर्गदबैलच्या भाजीवाल्यांशी घासाघीस करीत शिकली; लिहिण्यापुरती शिकवणी शेजारच्या अक्कांनी केली. त्या भाषेसाठी संगणक उघडावा लागला नाही.

अडचण आली ती बीजगणित व विज्ञान सुरू झाल्यावर. तेथे इंटरनेट धावून आले. खान अकॅडमीची जन्मकथा यासंदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील सलमान खान (नट नव्हे!) २००४ मध्ये दूरगावी राहणाऱ्या आपल्या नात्यातील मुलीला गणित शिकवू लागले आणि त्यातून २००८ मध्ये ही संस्था उभी राहिली. म्हणजे या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशीही घरचीच शिकवणी आहे. केंद्र सरकारचे 'स्वयम्' २०१७ पासून आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके व 'किशोर'चे जुने अंक विनामूल्य मिळतात, मराठी विश्वकोशाच्या नोंदीही वाचता येतात. हुबळीत राहून नातवंडांचे मराठी टिकवू पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे मोठेच घबाड होय.

मात्र एक गोष्ट मी जवळून पाहिली. पोर एकटीच चित्रफितीसमोर बसली की मान डोलावते, सारे समजल्यासारखे दिसते, आणि वहीत पहिल्याच उदाहरणाशी अडते. शेजारी कोणी बसून मध्येच थांबवून "असे का?" म्हणून विचारले, की तोच धडा अंगी लागतो. आपल्या व्यवसायात रुग्णाला विशेषज्ञाकडे पाठविल्याने घरच्या डॉक्टरांचे काम संपत नाही. विशेषज्ञाची चिठ्ठी वाचून, औषध वेळेवर पोटात जाते की नाही हे त्यांनाच पाहावे लागते. पडद्यावरचे गुरुजी कितीही निष्णात असोत, ते विशेषज्ञच. डोळ्यांचे पथ्य आपणांस सांगणे नको. संध्याकाळी तासभर नृपतुंग बेट्टावर हुंदडणे हा आमच्या वेळापत्रकातील सक्तीचा विषय आहे.

पडद्याची खरी मर्यादा उघडी पडली ती कांद्याच्या पापुद्र्यापाशी. संगणकावर तिने पेशीभित्तिका, केंद्रक सारे अचूक दाखविले होते. नंतर दवाखान्यातील जुना सूक्ष्मदर्शक काढून तिला प्रत्यक्ष काचपट्टी करावयास सांगितले. पापुद्र्याला घडी पडली, आयोडीन जास्त झाले, वरची पातळ काच तिरकी न टेकविता आपटली गेली. "आजोबा, पेशी सापडल्या, पण काळ्या कडेच्या गोल गोल आहेत!" ते हवेचे बुडबुडे होते. आपल्यापैकी कित्येकांनी पहिल्या वर्षी जर्नलात हेच बुडबुडे पेशी म्हणून मन लावून रेखाटले असतील! चौथ्या खेपेस विटांच्या भिंतीसारख्या ओळी दिसल्या तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. नंतर उणकल तलावाचे थेंबभर पाणी पाहण्यात आमचा अख्खा रविवार गेला.

आता "उद्याचे काय" याविषयी. मुंबईच्या मालविका जोशी हिला आईने शाळेतून काढून घरी शिकविले. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली आणि २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना तिला अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. उदाहरण स्पृहणीय खरे, तथापि आमच्या नातीला व्हायचे आहे डॉक्टर, आणि या वाटेवर बारावीचे प्रमाणपत्र अटळ आहे. ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून मिळू शकते. वैद्यकीय परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीतील एका तरतुदीमुळे मुक्त विद्यालयाच्या मुलांना आपल्या क्षेत्राचे दार बंद होत होते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरविली. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणही निकाली निघाले आणि अशा विद्यार्थ्यांना 'नीट' परीक्षेस बसण्याचा मार्ग मोकळा झाला. हा निकाल लागला त्या रात्री आमच्या घरी श्रीखंड झाले.

वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की नातीचे नाव माध्यमिक परीक्षेसाठी नोंदवायचे आहे. उच्च माध्यमिकला जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि तेथे पडद्यावरचा कांदा चालत नाही. सध्या रविवारी सकाळी दहा ते बारा सूक्ष्मदर्शक आमच्या दवाखान्यात मांडलेला असतो. शाळेत जाणारी दोन शेजारची मुलेही येतात. आपणापैकी कोणाकडे जुन्या कायम काचपट्ट्यांची पेटी माळ्यावर पडून असेल, तर तिला आमच्याकडे जागा आहे.